माणसांवर चालणारा कॉम्प्युटर

लेलेकाकांच्या प्रिंटरचा कागद तुम्ही कधी पाहिलाय का? दोन्ही कडांना भोकं, एक पान दुसऱ्याला जोडलेलं, घडीवर घडी. हातानं फाडल्याशिवाय तो संपतच नाही. आमच्या क्लासचे किस्से तसे झालेत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला दुसरा लटकलेला असतो. परवा एक मैत्रीण म्हणाली, "मुग्धा, लिहून काढ गं एकदा." म्हटलं, लिहिते. पण कुठे फाडायचं ते माझं मी ठरवणार!

क्लास म्हणजे काय, तर कोपरला पश्चिमेला, खाडीकडे जाताना एक बुद्धविहार आहे. त्याच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग शिकवतो. फुकट. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेले धडे आम्हाला फुकट मिळतात, मग आम्ही कशाला पैसे घ्यायचे? माझं एवढं साधं म्हणणं होतं. डोंबिवलीत गल्लोगल्ली एसीवाले क्लास निघालेत. बाहेर काचेचं दार, आत टाय लावलेला माणूस, आणि फी ऐकली की आईबाप तिथूनच परत फिरतात. मला ते बघून संताप यायचा. बीएस्सी झालेले, रक्त गरम होतं. अजूनही आहे.

हॉल मिळाला तो गायकवाडदादांमुळे. ते पालिकेच्या शाळेत शिक्षक, विहाराच्या कमिटीवर आहेत. मी तावातावानं अर्धा तास बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हॉल तुमचा. पण एक अट आहे. शिक्षण फुकट असेल, उशिरा येणं फुकट नाही. उशिरा येणारा झाडू मारणार."

पहिल्या रविवारी पाच मिनिटं उशीर कुणाला झाला असेल?

मस्त झाडला मी हॉल!

*

आम्ही स्टेशनपासून विहारापर्यंत कागद चिकटवले. 'कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग शिका. फी नाही.' मला वाटलं, दाराशी झुंबड उडेल.

कुणी आलं नाही.

दुसऱ्या रविवारी एक बाई दारातून डोकावल्या. "कुठल्या पक्षाचं आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग विकायचंय काय?"

"काहीच नाही हो काकू. फक्त शिकवायचंय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घाईनं निघून गेल्या. घाईनं! जणू मी त्यांची पर्स ओढणार होते.

शेवटी मंग्या आला. मंगेश त्याचं नाव, पण ते फक्त रेशन कार्डावर. बारावीत दोनदा आपटलेला, दिवसभर नाक्यावर. त्यानं माझी समजूत घातली. "मॅडम, आपका फंडाच गलत है. फुकट म्हटलं की पब्लिकला डाउट येतो. आधी तगडी फी लावा. मग म्हणा, तुमच्यासाठी माफ."

मला असली लबाडी पटणार नव्हती. मी तसं ठणकावून सांगितलं. पुढच्या रविवारी हॉलमध्ये नऊ-दहा जण बसलेले. मी हरखून गेले. तेवढ्यात एक मुलगी हळूच जवळ आली. "मॅडम, मंगेशदादानं माझी फी माफ केलीय. तुम्हाला चालेल ना?"

ती सुगंधा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, बारावी पास, आवाज इतका बारीक की समोरच्यानं वाकून ऐकावं. पुढे हिनं काय काय केलं ते येईलच.

*

आमचा एकुलता एक कॉम्प्युटर ठाण्याच्या एका बंद होणाऱ्या ऑफिसातून मिळालेला. मी आणि मंग्यानं तो कोपर स्टेशनवरून रिक्षानं आणला. मॉनिटर माझ्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेला. वाटेत कुणीतरी पाहिलं. विहाराशी पोचेपर्यंत वस्तीत बातमी फुटलेली: हॉलमध्ये टीव्ही आला!

बायका चटया घेऊन आल्या. सगळ्यांत पुढे गायकवाडदादांच्या आई. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो. हॉलमध्ये खुर्ची एकच, प्लॅस्टिकची. ती आजींची. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही.

कॉम्प्युटर चालू झाला. काळा पडदा, वरच्या कोपऱ्यात एक छोटीशी रेघ, लुकलुक, लुकलुक. बाकी काही नाही. मी उत्साहानं समजावून सांगत होते की ही रेघ म्हणजे तो आपल्या आज्ञेची वाट बघतोय. एकेक बाई चटई उचलून गेली. आजी मात्र हलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवून मला विचारलं, "बाई, जाहिरात कधी संपनार?"

*

आता धडे कसे यायचे ते सांगते. ठाण्याला, नौपाड्यात आमच्या शेजारच्या इमारतीत लेलेकाका राहतात. बँकेतून निवृत्त झाले आणि आलेल्या पैशांतून त्यांनी कॉम्प्युटर, मोडेम आणि इंटरनेटचं कनेक्शन घेतलं. चित्रंबित्रं नाहीत, नुसती अक्षरं. तीसुद्धा थेंबथेंब उतरायची. काका खुर्ची पुढे ओढून, चष्मा कपाळावर सरकवून एकेका ओळीची वाट बघत बसायचे. "हे बघ मुग्धा, आली. आणखी एक ओळ आली."

लेलेकाकू दारात उभ्या राहून हे बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "लग्नाआधी मी ह्यांना पत्रं पाठवायचे. ह्यांच्या बहिणी सांगतात, दोन दोन दिवस पाकीट न फोडता कोटाच्या खिशात असायचं. आणि आता बघ!"

काका वळलेसुद्धा नाहीत. पडद्याकडे बघतच म्हणाले, "खिशात असलं की ते दिवसभर पुरायचं."

काकू आत गेल्या. त्या दिवशी चहा दोनदा आला!

*

पण त्याच काकूंनी आमचा घात केला. धडा उतरत असताना त्यांनी स्वयंपाकघरातला फोन उचलला. गिरणीवाल्याला विचारायचं होतं, भाजणी दळून झाली का. फोन उचलला की कनेक्शन तुटतं. धडा जितका आला तितका आम्ही छापला. कोपरला गायकवाडदादांनी तो फळ्यावर मराठीत उतरवला. शेवटची ओळ अशी: 'एक गोष्ट मात्र कधीही, कोणत्याही परिस्थितीत करू नका, ती म्हणजे'

पुढे कोरा कागद.

मंग्यानं कीबोर्डवरचे हात उचलून डोक्यावर ठेवले. "मॅडम, फुटला-बिटला तर?"

"काही फुटत नाही रे! चालवा तुम्ही."

"कधीही करू नका म्हणतायत," सुगंधा बारीक आवाजात म्हणाली. "काय ते कळल्याशिवाय कसं चालवायचं?"

मी चिडले. आठवड्यातून एक दिवस मिळतो, तोही असा वाया घालवायचा? पण कुणी कॉम्प्युटरला बोट लावेना. तेव्हा गायकवाडदादांनी बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडले, सुतळी ओवली आणि एकेकाच्या गळ्यात अडकवले. "यंत्राला हात लावायचा नाही ना? ठीक. आज यंत्र आपण."

प्रोग्रॅममधली प्रत्येक किंमत म्हणजे एक माणूस. पुठ्ठ्यावर आकडा. एकानं ओळी मोठ्यानं वाचायच्या, बाकीच्यांनी सांगितलं तेवढंच करायचं. जास्त नाही, कमी नाही. आपलं डोकं वापरायचं नाही. मंग्या म्हणाला, "हे मला जमतं!"

पुढच्या रविवारी अख्खा धडा मिळाला. कधीही करू नये अशी ती भयंकर गोष्ट म्हणजे फाइलला आठ अक्षरांपेक्षा लांब नाव देणं!

पण तोवर पुठ्ठ्यांची चटक लागलेली. आमचा नियमच होऊन बसला. आधी माणसांवर चालवायचं, मग मशीनवर.

*

या खेळात एक अडचण यायची. दोन माणसांनी जागा बदलायच्या असल्या तर सरळ बदलता येत नाहीत. मशीनमध्ये एका जागी एकच राहू शकतो. म्हणून तिसरी, रिकामी जागा लागते. मागच्यानं आधी रिकाम्या जागेत जायचं, पुढच्यानं मागे यायचं, मग रिकाम्या जागेतल्यानं पुढे. आमच्याकडे तशी जागा एकच. आजींची खुर्ची.

सुगंधाला माणसं ओळीनं लावायचं भारी वेड. पुठ्ठ्यावरचे आकडे बघायचे, मागचा आकडा लहान असला की दोघांची अदलाबदल, असं करत लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लागली पाहिजे. त्यामुळे आजींना सारखं उठावं लागायचं. आम्हाला फार वाईट वाटायचं. एकदा मी घरून स्टूल घेऊन गेले. म्हटलं, आजींना त्रास नको.

आजी रुसल्या. त्या दिवशी कुणाशी बोलल्या नाहीत. गायकवाडदादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ते स्टूल परत न्या. आई वस्तीत सगळ्यांना सांगते, मला उठवल्याशिवाय पोरांचा कॉम्प्युटर चालत नाही."

*

एका रविवारी हॉलची लाइट गेली म्हणून मी लाइटच्या ऑफिसात भांडायला गेलेले. परत आले तर हॉलमध्ये मंग्या गळ्यात पुठ्ठा घालून गोल गोल फिरतोय. मागे आणखी तिघं. मध्यभागी सुगंधा कागद धरून वाचतेय, "एक मिळव. पहिल्या ओळीवर जा. एक मिळव. पहिल्या ओळीवर जा." मंग्याचा शर्ट घामानं भिजलेला. आणि रांगेच्या शेवटी, काठी टेकत, आजी!

"अरे, हे काय चाललंय?"

"मॅडम, सुगंधाच्या प्रोग्रॅममध्ये 'थांब' लिहिलंच नाहीये," मंग्या धापा टाकत म्हणाला. थांबला मात्र नाही.

"मग थांबा ना!"

"डोकं वापरायचं नाही ना!"

सुगंधाचा चेहरा रडवेला झालेला. चूक तिला केव्हाच कळलेली, पण वाचणाऱ्यानंही डोकं वापरायचं नाही, म्हणून ती वाचत राहिलेली. मीच ओरडले, "थांब!" सगळे धपाधप खाली बसले.

आजी खुर्चीत टेकल्या. "आज पाय मोकळे झाले," म्हणाल्या. "पुढच्या रविवारी पन हाच धडा घ्या."

*

सुगंधाला उशीर व्हायचा. नेहमी. हॉलही नेहमी तीच झाडायची, एका शब्दानं तक्रार न करता. एकदा माझी सहनशक्ती संपली. "अगं, घरातून पाच मिनिटं लवकर निघता येत नाही?"

"आईची टोपली उचलून द्यावी लागते, मॅडम. डोक्यावर. तिचं तिला उचलवत नाही. तिची निघायची आणि आपली वेळ एकच आहे."

गायकवाडदादांनी तिथल्या तिथे निकाल दिला: "टोपली उचलून आलेल्याला झाडू माफ."

होळी होऊन गेल्यावर एका रविवारी ती टोपली थेट हॉलच्या दारात आली. खाली आनंदीमावशी. सुगंधाची आई. लालभडक लुगडं, नाकात मोठी नथ. टोपली उतरवून घ्यायला सुगंधा धावली. मावशींनी आत नजर फिरवली. गळ्यात पुठ्ठे अडकवून उभी असलेली माणसं बघितली.

"ह्यो कंप्युटर?"

"हो," मी म्हटलं.

"न मास्तरीण कोन? तू? जरा खा-पी गो!" मग एकदम मुद्द्यावर आल्या. "मना सांग, दोन हजार सालात सगले कंप्युटर बंद परनार बोलतान. खरं हाय का?"

तारखांचा काहीतरी घोटाळा होणार अशी हवा आहे खरी. मी तारखा, आकडे, दोन अंकी साल वगैरे समजावायला लागले. मावशींनी हात वर केला.

"म्हंजे बंद परंल. मंग माजी पोर तवा काय करंल? मासं नाय बंद परनार दोन हजार सालात!"

सगळा हॉल हसला. मंग्या तर लोळायचा बाकी होता. मला राग आला. मी शिक्षण, मुली, स्वावलंबन यांवर जोरदार बोलले. मावशी ऐकत होत्या, एक हात गुडघ्यावर. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाय, तुजं खरं हाय. पन माजं गुरघं गेलं. धंदा कोनी करावा? नारली पुनवंपरतू थांबते. दर्याला नारल परला का नवा हंगाम. तवर हिला नोकरी लागली तं चांगलं. नाय तं टोपली हिनं उचलायची."

आणि सुगंधाकडे वळून, "चल, लाव हात."

सुगंधानं हात लावला. टोपली मावशींच्या डोक्यावर गेली. त्या पाठमोऱ्या झाल्या तेव्हा सुगंधा म्हणाली, "आई माझ्याएवढी होती ना, तेव्हा तिच्या आईचे गुडघे गेले."

*

धडे लिहिणाऱ्या माणसाबद्दल आम्हाला काहीच माहिती नव्हती. खाली फक्त दोन इंग्रजी आद्याक्षरं असायची. गायकवाडदादा त्यांना 'सर' म्हणायचे. मंग्याच्या मते सरांना मोठी दाढी असणार. शंका विचारायला आम्ही एक ईमेल पाठवली. उत्तर लवकर आलं नाही. सर रागावले, असं ठरलं.

मग उत्तर आलं. लेलेकाकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 'उशिराबद्दल माफ करा. नातीचं बाळंतपण होतं, मी तिच्याकडे राहायला गेले होते.'

सर आजी निघाल्या!

लेलेकाकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. इंटरनेटच्या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. "मुलगा की मुलगी? अहो, ते विचारा आधी! आणि डिंकाचे लाडू देतात का म्हणावं तिला?"

मुलगी झालेली. लाडू त्यांना माहीत नव्हते. काकूंनी अख्खी कृती सांगितली आणि डिंकाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर काका अर्धा दिवस शब्दकोश चाळत बसले. शेवटी शब्द सापडला, पण उत्तर काळजीच्या सुरात आलं: बाळंतिणीला तुम्ही गोंद का खायला घालता?

काकूंनी सविस्तर खुलासा पाठवला. तेव्हापासून नियम ठरला. आधी काकूंचं पत्र जाणार, मग आमची शंका. आणि धडा उतरत असताना घरातल्या कुणी फोन उचलायचा नाही, असा हुकूम निघाला. हुकूम काकूंचा!

कोपरला मी ही बातमी सांगितली. सगळे चाट पडले. गायकवाडदादांनी खडू उचलला. मग फळ्याकडे वळून म्हणाले, "असो. तर सर पुढे म्हणतात..."

*

पाऊस ओसरत आला तरी सुगंधाला नोकरी लागेना. जिथे जाईल तिथे पहिला प्रश्न एकच: सर्टिफिकेट कुठल्या क्लासचं? आमच्याकडे कसलं सर्टिफिकेट? मी गायकवाडदादांना म्हटलं, आपणच छापू. ते म्हणाले, "तिला येतं का?"

"येतं."

"मग कागद कशाला?"

मला वाटलं, हे बोलायला ठीक आहे!

शेवटी मानपाड्याच्या बाजूला एका छोट्या कारखान्यानं तिला बोलावलं. कामगारांची हजेरी, पगार, माल, सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं होतं. दिवस शुक्रवार. त्या भागातल्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते, साहेबांना निवांत वेळ मिळतो. आणि दुसऱ्या दिवशी शनिवारी नारळी पौर्णिमा.

मीही बरोबर गेलेले. बाकावर आणखी दोघं बसलेले, मांडीवर चकचकीत फाइली. सुगंधाच्या मांडीवर फक्त पर्स, तीही माझी.

आतमध्ये साहेब कॉम्प्युटर सुरू करायला गेले आणि लाइट गेली. सुट्टीच्या दिवशीच तारांची दुरुस्ती काढतात, हे साहेबांच्या लक्षात नव्हतं. ते नवीन, महिन्यापूर्वीच कामाला लागलेले. घाम पुसत बाहेर आले. "संध्याकाळपर्यंत लाइट येणार नाही. सॉरी. उद्या सणाची सुट्टी, रविवारी मी नाही. तुम्ही सोमवारी या."

फाइलवाले दोघं उठून गेलेसुद्धा. सुगंधा बसून राहिली.

"सोमवारी मला जमणार नाही, सर."

"का?"

"सोमवारी मी मार्केटात असेन." आवाज नेहमीसारखाच बारीक. साहेबांना वाकावं लागलं. "सर, लाइट नसली तरी प्रोग्रॅम चालतो. माणसं लागतील."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"काय करून दाखवू, सर?"

साहेबांना बहुधा गंमत वाटली असावी. "कामगारांची नावं हजेरी नंबरानं लावायची. लहान नंबर आधी. दाखवा."

तिनं कागद मागून घेतला आणि तिथेच बसून प्रोग्रॅम लिहिला. मग माणसं गोळा केली. सुट्टी असल्यामुळे चारच सापडली: हिशेबाच्या बाई, स्टोअरकीपर, कॅन्टीनवाला आणि फाटकावरचे म्हातारे वॉचमनकाका. पाचवे साहेब.

"मीसुद्धा?"

"तुमचाही नंबर आहे ना, सर?"

साहेबांच्या खोलीत रांग लावली; साहेब सवयीनं सगळ्यांत पुढे उभे राहिले. वॉचमनकाका सवयीनं सगळ्यांत मागे, दाराशी. प्रत्येकाच्या हातात आपापलं हजेरी कार्ड. साहेबांचा नंबर सगळ्यांत मोठा, कारण ते सगळ्यांत नवे. वॉचमनकाकांचा सगळ्यांत लहान. कारखान्याला फाटक बसवलं तेव्हापासून ते त्या फाटकावर आहेत.

"एक रिकामी जागा लागते," सुगंधा म्हणाली. खोलीत खुर्ची एकच. टेबलामागची, उंच पाठीची, फिरणारी. "सर, तुमची खुर्ची घेऊ?"

"घ्या."

ती वाचायला लागली. पुढच्याचा नंबर बघ, मागच्याचा बघ. मागचा लहान असेल तर मागच्यानं खुर्चीत जा, पुढच्यानं मागे ये, खुर्चीतल्यानं पुढे ये. पहिल्याच फेरीत साहेब एकेक घर मागे सरकत दारापर्यंत गेले. शेवटी त्यांची गाठ वॉचमनकाकांशी पडली.

"काका, खुर्चीत."

काका हलेनात. "बाई, मी उभाच राहतो. खुर्चीजवळ उभा राहतो."

"नाही काका. बसल्याशिवाय पुढची ओळ येत नाही."

काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कार्ड छातीशी धरून मान हलवली. काकांनी चपला काढल्या, टोपी काढली, आणि टेकल्या न टेकल्यासारखे बसून लगेच उठले.

दुसऱ्या फेरीला टोपी डोक्यावरच राहिली. तिसऱ्या फेरीला त्यांनी खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. चौथ्या फेरीला ते मागे रेलून बसले, आणि खुर्ची थोडीशी फिरली.

आता काका सगळ्यांत पुढे आणि साहेब सगळ्यांत मागे, दारात.

"झालं का?" साहेबांनी तिथून विचारलं.

"नाही, सर. अजून एक फेरी. एकही माणूस हलला नाही, की मग झालं."

ती पुन्हा पहिल्यापासून वाचत आली. कुणी हललं नाही. खोलीत फक्त तिचा आवाज. शेवटच्या ओळीवर आल्यावर तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "थांब."

साहेब म्हणाले, "मग तुम्ही सोमवारी या."

सुगंधाचा चेहरा उतरला. "टेस्टला?"

"कामाला हो! टेस्ट झाली ना आत्ता."

सोमवारी सकाळी तिला सोबत करायला म्हणून मी कोळीवाड्यात गेले. सुगंधा इस्त्री केलेला पांढरा ड्रेस घालून दारात उभी. अंगणात आनंदीमावशी, आणि पुढ्यात हंगामातली पहिली, काठोकाठ भरलेली टोपली. कडेनं पाणी ठिबकत होतं. डोक्यावर चुंबळ ठेवून मावशी एका गुडघ्यावर वाकल्या. सुगंधा रोजच्या सवयीनं पुढे धावली.

"हात नको लावू!" मावशी ओरडल्या. "कपऱ्यांना वास लागंल. हापिसात जातेस ना?"

सुगंधा जागच्या जागी थबकली. मावशी तशाच वाकलेल्या. मग त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

"काय गो मास्तरीण, बगतेस काय? तू लाव हात!"